पोलो जीटी टीएसआय: डाउनपाइप, इनटेक आणि रीमॅपनंतर आयडलिंग अस्थिर, ३५०० च्या पुढे मिसिंग

घाटवळण

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मुक्काम पुणे. नवीन बसवलेलं सामान: कोन फिल्टरचा उघडा इनटेक, २०० सेलचा कॅटकॉन (धूर शुद्ध करणारा भाग) असलेला मोठ्या व्यासाचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा पहिला एक्झॉस्ट पाइप), सिलिकॉनचे बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) होज आणि या सगळ्याला जुळणारा स्टेज २ मॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, बदललेलं प्रोग्रॅमिंग). प्लग कंपनीच्याच नंबरचे, नवे. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ प्रमाणातलं.

त्रास दोन प्रकारचा आहे. इंजिन गरम झालं की आयडलिंगला सुई ७०० ते ९०० मध्ये खालीवर होते. आणि चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ३५०० ते ४५०० मध्ये गाडी ठसके मारते. त्याच्या खाली पिकअप झकास.

कोड: पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर), पी०२९९ (बूस्ट कमी).

लॉगमधले आकडे: आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या हिशेबात केलेली वाढ-घट) +१४ टक्के, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला +५. पूर्ण लोडवर बूस्टची मागणी २०५० मिलीबार, मिळतात १७८०.

गॅरेजचा सल्ला आहे की चारही इंजेक्टर बदला. एवढा खर्च करण्याआधी तपासणी कुठून सुरू करावी?

टॉर्कपाना

इंजेक्टरला अजिबात हात लावू नका. इंजेक्टर चोंदले असतील किंवा रेल प्रेशर कमी पडत असेल तर लोड वाढेल तशी ट्रिमही वाढत जाते. तुमची उलट आयडलला जास्त आणि २५०० ला कमी आहे. ही खूण बाहेरून हवा शिरण्याची. थ्रॉटलनंतरची व्हॅक्युमची प्रत्येक नळी, ब्रेक बूस्टरची नळी आणि पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) आधी तपासा. आयडलला सगळी हवा मिळून थोडीच असते, म्हणून तेवढीशी गळतीही टक्केवारीत मोठी दिसते.

वायूगती

माझ्या मते तिन्ही कोडचं मूळ एकच: बूस्टची गळती. सिलिकॉन होज बसवताना कंपनीची क्लिप काढून साधा वर्म क्लॅम्प लावतात, तो तिरका बसतो. मोजलेली हवा मधेच निसटली की पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळे होतात, मिसिंग सुरू होतं. पी०२९९ वेगळं काय सांगतोय?

लॅम्डा_वन

वायूगती, टॉर्कपाना, तुम्ही दोघं सांगताय तो नियम एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या इंजिनाचा. १.२ टीएसआयला एअर फ्लो मीटर नाहीच. दोन प्रेशर सेन्सर आहेत, एक थ्रॉटलच्या आधी चार्ज पाइपवर आणि दुसरा इनटेक मॅनिफोल्डवर, प्रत्येकासोबत तापमानाचा सेन्सर. ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब, तापमान आणि आरपीएम घेऊन हवेचा हिशेब करतो. एवढ्या एका फरकाने निदान कसं उलटं होतं ते सांगतो.

बूस्ट गळाला तर मॅनिफोल्डमध्ये दाब कमी दिसतो आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल देतो. मिश्रण बिघडत नाही. टर्बोला मात्र जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते, आणि वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) पूर्ण बंद करूनही मागणी पुरी झाली नाही की पी०२९९ येतो. म्हणजे बूस्ट गळतीने पी०२९९ समजू शकतो, काळे प्लग आणि लीन कोड नाही.

थ्रॉटलनंतर व्हॅक्युम गळती असेल तर शिरणारी हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते. सेन्सरला ते दिसतं, पेट्रोलही त्या प्रमाणात वाढतं. अशा वेळी आयडल चढतं आणि ते खाली ठेवायला ईसीयू थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटतो. ट्रिम +१४ पर्यंत जायला मोठंच भोक लागेल, आणि मग आयडल ९०० वर थांबलं नसतं.

राहता राहिला प्रश्न: या इंजिनात आयडललाच ट्रिम का वाढावी? पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला प्रत्यक्षात नसलेलं लीन दिसत असावं, असा माझा अंदाज. डाउनपाइप नुकताच बसवलाय हे विसरू नका.

कोन फिल्टरही या कारणासाठी आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर. एअर फ्लो मीटरच्या गाडीत फिल्टरची नळी बदलली की मीटरवरचा प्रवाह बदलतो आणि ट्रिम हलते. इथे तो भागच नाही.

नळस्टॉप_टर्बो

लॅम्डा_वन +१. एक्झॉस्टची गळती सेन्सरच्या आधी असेल तर नेमकं हेच होतं. आयडलला एक्झॉस्टचा दाब ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपमध्ये क्षणभर दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिनाला मुळात योग्य मिळत असलेलं मिश्रण अशा रीतीने रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि सुई डोलायला लागते. आरपीएम वाढले की आतला दाब कायम वरचढ राहतो, वायू फटीतून फक्त बाहेर जातो, हवा आत येत नाही, म्हणून २५०० ला ट्रिम उतरते. तुमचे +१४ आणि +५ हेच सांगतात.

तपासायला फार काही लागत नाही. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. व्हॅक्युम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला जोडा, सायलेन्सरच्या तोंडात घाला आणि भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा. मग टर्बो आणि डाउनपाइपचा फ्लँज, सेन्सरचं बूड आणि डाउनपाइपची प्रत्येक वेल्डिंग यांच्यावर साबणाचं पाणी फवारा. आयडलला ट्रिम १४ नेणारी फट असेल तर फेस लपणार नाही. हीट शील्ड काढूनच बघा, फ्लँजची मागची बाजू वरून दिसत नाही, तिथे छोटा आरसा लागतो. गॅस्केटच्या कडेला काजळीची बारीक रेघ दिसली तरी समजा सापडलं.

आणि हो, इंजिन थंड असतानाच. गरम एक्झॉस्टवर साबणपाणी मारलं की ते क्षणात उडतं, काही कळत नाही.

साधा_प्लग

पी०३०३ कडे कुणीच पाहिलं नाही. आयडलच्या ट्रिमचा आणि लोडवरच्या ठसक्यांचा संबंध लावू नका, हे दोन वेगळे दोष असणार. प्लगचा गॅप किती ठेवलाय?

घाटवळण

बॉक्समधून काढून तसेच बसवलेत. फीलर गेजने आत्ता मोजले: तीन प्लग ०.८ मिमी, तिसऱ्या सिलिंडरचा ०.९ च्या जवळ.

साधा_प्लग

मिसिंगचं पहिलं कारण हेच धरा. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाट, तितकं ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कंपनीच्या बूस्टवर ०.८ चालतं. स्टेज २ मध्ये दाब वाढला की कॉइलला तेवढं व्होल्टेज देणं जमत नाही आणि ठिणगी विझते. हे नेमकं टॉर्क सगळ्यात जास्त असतो तिथे घडतं, कारण सिलिंडर तिथेच सगळ्यात जास्त भरलेला असतो. तुमचे ३५०० ते ४५०० त्याच पट्ट्यात येतात.

चारही प्लग ०.६५ वर आणा. इरिडियमच्या प्लगला गॅप मोजताना गेज मधल्या बारीक टोकावर रेटू नका, ते मोडतं. वाकवायचा तो फक्त बाजूचा पट्टा, तोही प्लगच्या गॅपसाठीच्या अवजाराने. ०.५५ च्या खाली जाऊ नका, आयडलला ठिणगी छोटी पडून थरथर सुरू होईल.

घट्ट करताना टॉर्क पाना वापरा. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमी आट्यांच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं तर तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो, म्हणून कोरडेच बसवा.

त्याच वेळी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर टाका. मिसफायरचा आकडा दुसऱ्यावर गेला तर प्लग खराब, तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल, कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर. इंजेक्टरची पाळी तेव्हा, त्याआधी नाही.

चिंचवडी

स्टेज २ ला एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग टाकायला हवा ना?

साधा_प्लग

चिंचवडी, ट्रॅकवर किंवा घाटात सतत पूर्ण लोड असेल तर हो. एनजीकेमध्ये आकडा वाढतो तसा प्लग थंड, म्हणजे ७ च्या जागी ८. शहरातल्या रांगेत थंड प्लग स्वतःची काजळी जाळू शकत नाही आणि चोंदतो. या गाडीला आधी गॅप कमी करून लॉग घेणं शहाणपणाचं.

सांगलीकर_पाना

एवढं तर्कशास्त्र कशाला? सगळं सामान काढा, गाडी मूळ स्थितीत आणा, मग एकेक भाग बसवत जा. ज्या भागानंतर बिघडेल तो दोषी.

टॉर्कपाना

सांगलीकर, पद्धत बरोबर आहे, पण या गाडीत डाउनपाइप काढून परत बसवायचा म्हणजे प्रत्येक वेळी नवं गॅस्केट, नवे नट आणि टर्बोच्या स्टडवर पुन्हा ताण. गंजलेला स्टड मोडला तर काम कुठल्या कुठे जातं. डाउनपाइपला हात न लावता मूळ मॅप परत टाकून लॉग घेणं सोपं. मूळ मॅपवर लोडवरचे ठसके थांबले आणि आयडल तसंच डोलत राहिलं, तर दोन दोष वेगळे आहेत हे कुठलाही बोल्ट न उघडता सिद्ध होतं.

सांगलीकर_पाना

हे मान्य. मूळ मॅप आधी.

लॅम्डा_वन

त्याआधी एक फुकटची तपासणी. इग्निशन चालू, इंजिन बंद. चार्ज पाइपचा सेन्सर, मॅनिफोल्डचा सेन्सर आणि ईसीयूने धरलेला वातावरणाचा दाब, तिन्ही आकडे वाचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे तिन्ही आकडे ९५० मिलीबारच्या आसपास यायला हवेत, मुंबईत १०१० च्या जवळ. दोन सेन्सरमध्ये २०-२५ मिलीबारपेक्षा जास्त फरक असेल तर बाकीच्या लॉगवर विश्वास ठेवू नका. होज बदलताना सेन्सरच्या तोंडाला ऑइल लागलं किंवा ओ-रिंग दुमडली की असा फरक पडतो.

आणखी एक. मागणीचे २०५० मिलीबार हे निरपेक्ष दाबाचे, वातावरणाच्या वरचे नव्हेत. मुंबईत तेवढा दाब द्यायला टर्बोला १०४० ची भर घालावी लागते, पुण्यात ११०० ची, महाबळेश्वरला त्याहून जास्त. म्हणून मुंबईत जेमतेम पुरणारा टर्बो घाटमाथ्यावर आधी दमतो. एकाच गाडीचे लॉग ताडून बघताना जागा आणि हवेचं तापमान सोबत लिहा, नाहीतर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

मडगावकर

पेट्रोल कुठलं घालता ते लिहिलं नाही. मॅप कशावर ट्यून केलाय? गोव्यात आता साध्या पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) च मिळतं.

घाटवळण

मॅप ९५ किंवा वरच्या ऑक्टेनसाठी. सध्या टाकीत साधं ई२० आहे.

मडगावकर

मग ट्रिममधले तीन-चार टक्के तिथेच गेले. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७, ई१० चं साधारण १४.१, ई२० चं १३.५ च्या आसपास. ई१० धरून बांधलेल्या मॅपवर ई२० टाकलं की ट्रिम चार टक्क्यांच्या आसपास वर जाते आणि जवळजवळ सगळ्या आरपीएमला सारखीच राहते. तो दोष नाही, इंधनाचा फरक आहे. गळती दुरुस्त झाल्यावर ट्रिम शून्यावर आली नाही म्हणून परत शोधाशोध करू नका.

पण मॅप तपासायचा तर ज्या पेट्रोलवर तो ट्यून झाला त्याच पेट्रोलवर. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या शहरांत आलं त्यात मुंबई आणि पुणे होतंच. टाकी जवळजवळ रिकामी करून एक टाकी ते घाला आणि नॉकमुळे (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) ठिणगीचं टायमिंग किती डिग्री मागे जातंय ते प्रत्येक सिलिंडरचं वेगळं नोंदवा. क्वचित ३ डिग्री मागे जाणं ठीक. चारही सिलिंडरना सतत ६ च्या पुढे असेल तर मॅप त्या पेट्रोलसाठी फार आक्रमक आहे.

वायूगती

नॉकवरून आठवलं: डीएसजी मॅन्युअल मोडमध्ये टाकून वरच्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमला पूर्ण पाय देऊ नका. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो, आणि तो एक स्फोट पिस्टनची रिंगलँड (दोन रिंगांमधली कड) फोडायला पुरतो. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल २०२० पासून याच कारणासाठी आलं. व्हीडब्ल्यू ५०२ आणि एपीआय एसपी, दोन्ही छापलेला डबा घ्या.

चिंचवडी

डीएसजी स्टेज २ झेपेल का? कंपनीचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता.

नळस्टॉप_टर्बो

सात गिअरचा हा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. मॅप त्याच्या बराच खाली ठेवायला सांगा. क्लच घसरतोय का ते लॉगमध्ये दिसतं: गिअर तोच, इंजिनाचे आरपीएम झपकन वर आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच. हे दिसलं की मॅपचा टॉर्क उतरवणं हाच उपाय, क्लच तापवत राहू नका.

टॉर्कपाना

कायद्याचंही बोलून ठेवू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांना आळा घालतात. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हेच उचलून धरते. कॅटकॉन ठेवलाय हे उत्तम केलंत. बीएस४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम, २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे आदर्श) ०.९७ ते १.०३ अशी मर्यादा असते. फ्लँज गळत असेल तर हवा मिसळून लॅम्डा त्या पट्ट्याबाहेर जाऊ शकतो. पीयूसीच्या आधी गळती बंद करा.

घाटवळण

निष्कर्ष लिहितो. मूळ मॅपवर ठसके पूर्ण थांबले, आयडल तसंच डोलत होतं. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून तिन्ही दाब ९४८ ते ९५६. साबणाच्या पाण्याने टर्बोच्या फ्लँजला खालच्या बाजूने भरपूर फेस, गॅस्केटच्या कडेला काळी रेघ. फ्लँज वरून घट्ट, खालून केसभर उघडा.

नवं गॅस्केट, नवे नट, चारही प्लग ०.६५. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर ठेवूनच स्टेज २ परत टाकला. आयडलला ट्रिम +४, २५०० ला +३, सुई ७५० ला स्थिर. मिसफायर शून्य, कुठल्याच सिलिंडरला नाही. बूस्ट अजून कमी: मागणी २०५०, मिळतात १८९०.

नळस्टॉप_टर्बो

छान. पण फ्लँज खालून का उघडा राहिला ते समजून घ्या, नाहीतर गॅस्केट परत जाईल. डाउनपाइप बसवताना खालचा ब्रॅकेट आधी आवळला की पाइप त्या बाजूला ओढला जातो आणि वरचा फ्लँज तिरका टेकतो. नट कितीही आवळले तरी तो सपाट होत नाही. क्रम असा: सगळे नट-बोल्ट आधी हाताने, मग टर्बोच्या फ्लँजचे नट समोरासमोर थोडे थोडे करत मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत, त्यानंतर मागच्या पाइपचा क्लॅम्प, आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर पाइप ओढून जुळवू नका, भोक लांबट करा. दोन-तीनदा तापून थंड झालं की फ्लँजचे नट एकदा तपासा.

लॅम्डा_वन

ट्रिम +४ ई२० ची, सोडून द्या. राहिला बूस्ट. आता टर्बोच्या बाहेरच्या तोंडापासून थ्रॉटलपर्यंतची नळी हवेने तपासा. टर्बोच्या पुढचा होज सोडून तिथे व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण लावा, रेग्युलेटरने ०.७ ते १ बारपर्यंतच भरा आणि साबणपाणी मारा. इनटेकच्या, म्हणजे फिल्टरच्या तोंडातून दाब देऊ नका: पीसीव्हीची नळी तिथे जोडलेली असते, दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर ढकलतो. थ्रॉटल आणि व्हॉल्व्हमधून थोडी हवा सावकाश उतरणारच. शोधायचा तो एका जागचा फुसफुसणारा आवाज.

तिथे काही नाही सापडलं तर वेस्टगेट. या टर्बोचा ॲक्च्युएटर इलेक्ट्रिक आहे. स्कॅनरने आउटपुट टेस्ट लावा आणि दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता जाते का ते टॉर्चने बघा.

घाटवळण

०.८ बारला थ्रॉटलजवळचा सिलिकॉन होज फुसफुसतोय. वर्म क्लॅम्प पाइपच्या कडेला उठवलेल्या कंगोऱ्यावरच बसला होता.

वायूगती

क्लॅम्प कंगोऱ्याच्या मागे हवा, म्हणजे होज सुटायला लागला तरी कंगोरा त्याला अडवतो. वर्म क्लॅम्पच्या फटी मऊ सिलिकॉन कापतात, त्याच्या जागी टी-बोल्ट क्लॅम्प घाला. होजच्या आतल्या बाजूचं ऑइल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं बसवा. आतून ऑइल राहिलं तर कुठलाही क्लॅम्प लावा, १ बारच्या पुढे होज सरकतोच.

घाटवळण

टी-बोल्ट बसवले. पुण्यात, बाहेर ३१ अंश, एक्सपी १०० वर, चौथा गिअर: मागणी २०५०, मिळतात २०३०. नॉकमुळे सर्वाधिक मागे गेलेलं टायमिंग ३ डिग्री, तेही एकाच सिलिंडरला. एकही कोड नाही. पुढचा लॉग खंबाटकी घाटात घेऊन इथेच टाकतो.

मडगावकर

त्या लॉगमध्ये इनटेक हवेचं तापमान जरूर घ्या. उघडा कोन फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढतो, चढावर कमी वेगात ते आकडे बाहेरच्या तापमानापेक्षा किती चढतात ते बघायचंय. फार चढत असतील तर फिल्टरभोवती पेटी करून बाहेरची हवा आणावी लागेल.